मराठी ब्लॉगसाठी वर्डप्रेस प्लगइन: काय करण्यासारखं आहे? (कल्पना, आराखडे, खाचखळगे)

बोरूबहाद्दर

ब्लॉग चालवणाऱ्या वर्डप्रेससाठी हजारो प्लगइन (जादा सोयी देणारे जोडतुकडे) आहेत, पण मराठी मजकूर समोर आला की त्यातले बरेच लंगडतात. बनवणाऱ्याने एक अक्षर म्हणजे एक बाइट धरलेला असतो. आपला साधा 'क' तीन बाइटचा, 'क्षि' तर चार कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आणि बारा बाइटचा. दुवे अर्धवट राहणं, शोध न लागणं, सारांशाच्या शेवटी मात्रा लोंबकळणं ही सगळी दुखणी तिथूनच येतात.

कल्पना टाका, पण नुसतं 'असं काहीतरी हवं' नको. कोणत्या हुकवर (वर्डप्रेसने आपला कोड अडकवायला दिलेली जागा) बसेल, डेटा कुठे राहील आणि प्लगइन बंद केल्यावर मागे काय उरेल, एवढं लिहा. होस्टिंग स्वस्तातलं, सामायिक धरा: पीएचपीच्या (वर्डप्रेसची भाषा) जोडण्यांपैकी एमबीस्ट्रिंग बहुधा असतं, 'इंटल' एक्स्टेन्शन असेलच असं नाही.

पहिली कल्पना: स्लगचं (दुव्यातलं लेखाचं नाव) रोमन लिप्यंतर. डेटाबेसमध्ये स्लगचा रकाना २०० चिन्हांचा. देवनागरी अक्षर टक्का-चिन्हवाल्या रूपात जातं, म्हणजे एका कोडपॉइंटला ९ चिन्हं. काना-मात्रा-हलन्त धरून जेमतेम २२ कोडपॉइंट बसतात. 'पावसाळ्यात कोकणातल्या घाटवाटा' हे शीर्षक घ्या. पहिले दोन शब्द १०-१० कोडपॉइंटचे, मधल्या दोन रेघा, उरलेल्या जागेत फक्त 'घा'. दुवा होतो 'पावसाळ्यात-कोकणातल्या-घा'. त्याच शीर्षकाचा दुसरा लेख आला तर '-२' ला जागा करायला तो कानाही जातो. आणि हा दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांची आगगाडी.

खिळेजुळारी

करा, पण 'सॅनिटाइझ-टायटल' फिल्टरवर (मजकूर बदलू देणारा हुक) डोळे मिटून बसू नका. तो फिल्टर लेख साठवताना चालतो तसाच कोणी दुवा उघडल्यावर लेख शोधतानाही चालतो. दोन्ही वेळा लिप्यंतर केलंत तर जुना देवनागरी दुवा उघडणाऱ्याचा स्लग वाटेतच रोमन होतो. डेटाबेसमध्ये तसा लेख नसतो, म्हणून ४०४ ('पान सापडलं नाही'). प्लगइन चालू केल्याबरोबर जुने सगळे लेख 'गायब' होण्याचं कारण हेच.

उपाय एका ओळीचा आहे: फिल्टरला तिसरा आर्ग्युमेंट 'कॉन्टेक्स्ट' येतो, तो 'सेव्ह' असेल तरच हात लावा. अग्रक्रम ९ ठेवा, म्हणजे वर्डप्रेसचं स्वतःचं रेघा घालण्याचं काम (अग्रक्रम १०) तुमच्यानंतर होईल.

काही जण हेच 'डब्ल्यूपी-इन्सर्ट-पोस्ट-डेटा'वर करतात. तिथे पोचेपर्यंत स्लग एकमेव आहे ना याची तपासणी उरकलेली असते. मग 'दिन' आणि 'दीन' अशा दोन शीर्षकांचा रोमन स्लग एकच होतो आणि त्यातला एक लेख उघडतच नाही.

टाकमोडी

लिप्यंतराचा तक्ता स्वतःचाच लिहा. 'इंटल'मधला तयार देवनागरी-लॅटिन नियम शेवटचा 'अ' ठेवतो, त्यामुळे 'कमल'ची 'कमला' होते आणि 'वसंत'चा 'वसंता'. मराठीसाठी साधा नियम पुरतो: शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाला मात्रा नसेल तर तिथला 'अ' गाळा, पण ते व्यंजन जोडाक्षरातलं असेल तर ठेवा. म्हणजे 'पुस्तक'चा गळतो, 'मित्र'चा राहतो. मधला 'अ' ('करमणूक') सोडून द्या. त्याचे नियम करायला गेलात तर हातात स्लग नाही, प्रबंध पडेल.

'ज्ञ'साठी तक्त्यात वेगळी नोंद हवी. तो ज् + ञ असा साठवलेला असतो, आपण 'द्न्य' म्हणतो. हे तीन कोडपॉइंट एकत्र आधी तपासा, सुटे नंतर.

वाटसरू

आधीच छापून झालेल्या लेखांचं काय? त्यांचेही स्लग बदलता येतील का?

खिळेजुळारी

येतील, पण पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायचं साधन) जाऊन थेट क्वेरी मारू नका. वर्डप्रेसच्या स्वतःच्या 'अपडेट-पोस्ट' फंक्शनमधून बदललंत तर जुना स्लग पोस्टमेटात (लेखाच्या जादा नोंदींचं टेबल) आपोआप नोंदला जातो आणि जुना दुवा नव्याकडे वळतो. थेट एसक्यूएलने ही नोंद होत नाही. ही सोय फक्त प्रकाशित लेखांना आहे, 'पानां'ना नाही. 'आमच्याविषयी' वगैरे पानांचे दुवे हातानेच वळवावे लागतील. एका वेळी ५० लेख घ्या, नाहीतर सामायिक होस्टिंगवर वेळमर्यादा संपून काम अर्धवट लटकेल.

गावठाण

ब्लॉगस्पॉटवरून येणाऱ्यांसाठी याच्या शेजारीच एक छोटा प्लगइन हवा. ब्लॉगरला मराठी शीर्षकातून दुवा करता येत नाही, तो 'ब्लॉग-पोस्ट', मागे अंडरस्कोर आणि आकडा असं काहीतरी देतो. (म्हणून तर लोक आधी इंग्रजी शीर्षकाने प्रकाशित करून मग मराठी करतात.) वर्डप्रेसचा ब्लॉगर इम्पोर्टर प्रत्येक लेखाचा जुना मार्ग मेटामध्ये 'ब्लॉगर-पर्मालिंक' नावाने ठेवतो. प्लगइनने 'टेम्प्लेट-रीडायरेक्ट'वर एवढंच करायचं: ४०४ असेल, मार्ग 'डॉट एचटीएमएल'ने संपत असेल, तर त्या मेटात शोधून ३०१ ने (कायमचं वळण) वळवायचं. मोबाइलवरून आलेल्या दुव्याला मागे 'एम=१' चिकटलेलं असतं, ते आधी काढा.

हे फक्त ब्लॉगला स्वतःचं डोमेन होतं तिथे चालतं. ब्लॉगस्पॉटचंच उपडोमेन असेल तर तिकडून येणारी विनंती तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

अर्धचंद्र

माझ्या मते सगळ्यात निकडीचा शोधाचा प्लगइन. वर्डप्रेसचा शोध म्हणजे 'लाइक' क्वेरी, आणि मायएसक्यूएल या डेटाबेसचा 'लाइक' एकेक चिन्ह ताडून बघतो. मराठीत तेच अक्षर दोन-तीन तऱ्हांनी टंकलेलं असतं:

'ॲप' मधला ॲ. एक स्वतंत्र कोडपॉइंट (यू+०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आवृत्ती ५.१ मध्ये आला), दुसरा अ + ॅ, तिसरा हिंदी कळफलकावरचा ऍ. दिसायला पहिले दोन एकच.

'दुसऱ्या' मधला ऱ. कोणी यू+०९३१ वापरतो, कोणी र + हलन्त + झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). मोबाइलवरून लिहिणारा घाईत साधं 'दुसर्या' लिहितो.

अनुस्वार: 'अंत', 'अन्त'.

ऱ्हस्व-दीर्घ: 'आणि'-'आणी', 'परंतु'-'परंतू'. नियम १९६२ सालापासून आहेत हो, पण शोधचौकटीत कोण पाळतो?

उपाय: प्रत्येक लेखाची एक 'घासलेली' प्रत वेगळ्या टेबलात ठेवायची, आलेल्या शोधशब्दालाही तीच घासणी लावायची, आणि ताडणी तिथे करायची.

काळी_शाई

घासणीचा क्रम मी असा ठेवेन. आधी एचटीएमएल आणि ब्लॉकच्या (संपादकातल्या मजकुराच्या तुकड्यांच्या) टिप्पणी-खुणा काढा, नाहीतर 'पॅराग्राफ' शोधल्यावर सगळे लेख येतील. मग झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (जोडणी तोडणारं अदृश्य चिन्ह) उडवा. ऱ चा र करा, र + नुक्ता असेल तरी. अ + ॅ आणि ऍ या दोन्हींचा ॲ करा. ङ्, ञ्, ण्, न्, म् यांच्यापुढे त्याच वर्गातलं व्यंजन असेल तर अनुस्वार करा. शेवटी सगळे ई-ऊ ऱ्हस्व करा, मात्राही. पूर्णविराम, अवतरणं, दंड यांच्या जागी मोकळी जागा.

'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' यात एक होतील, होऊ द्या. शोधणाऱ्याला दोन निकाल जास्त आले तर तो नजरेने वगळतो, पण हवा तो आलाच नाही तर निघून जातो. फक्त ही घासलेली प्रत कुठेही छापू नका, आणि मूळ लेखाला हात लावू नका. झेडडब्ल्यूएनजे कोणी मुद्दाम हलन्त दाखवायला घातलेला असतो.

वाटसरू

आणि 'शाळा' शोधल्यावर 'शाळेत' सापडणार का? 'पुणे' शोधल्यावर 'पुण्यात'?

काळी_शाई

घासणीने नाही, ते सामान्यरूपाचं काम. पूर्ण व्याकरण न शिकवता निम्म्याहून जास्त पल्ला गाठता येतो. शब्दाच्या शेवटचे प्रत्यय लांबीच्या उतरत्या क्रमाने काढा: साठी, मध्ये, पासून, पर्यंत, च्या, चा, ची, चे, ला, ना, ने, तून, वर, त. मग उरलेल्याचा शेवट बघा: '-्या' असेल तर '-े' आणि '-ा' हे दोन्ही पर्याय, '-े' असेल तर '-ा'. 'पुण्यात' ते 'पुण्या' ते 'पुणे'. 'शाळेत' ते 'शाळे' ते 'शाळा'.

एक अट: प्रत्यय काढल्यावर किमान दोन अक्षरं उरली पाहिजेत, नाहीतर 'हात', 'शेत', 'रात' यांचा 'त' जाईल. 'संगीत'चा तरीही जाईल. पण तोच नियम शोधशब्दालाही लागतो, त्यामुळे 'संगीत' शोधणाऱ्याला 'संगीत' मिळतंच. तोटा एवढाच की कधीमधी भलता शब्दही सोबत येतो. म्हणून क्रमवारीत मूळ शब्द जुळलेले लेख वर, प्रत्यय काढून जुळलेले खाली.

तांत्रिक जोडणी: 'सेव्ह-पोस्ट'वर टेबल भरायचं (ऑटोसेव्ह आणि आवृत्त्या वगळून), 'पोस्ट्स-सर्च' फिल्टरवर क्वेरीचा तो तुकडा बदलायचा. निरर्थक शब्दांसाठी वर्डप्रेसकडे 'डब्ल्यूपी-सर्च-स्टॉपवर्ड्स' फिल्टर आहे, त्यात आणि, व, पण, तर, हा, ही, हे, आहे एवढे घाला.

अर्धचंद्र

+१. टेबल भरताना जुन्या लेखांची फेरीही लागेल. ती क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) सोडा, पानावर नको.

मीटर_डाउन

लहान पण लाज काढणारी गोष्ट: 'वाचनाचा वेळ' दाखवणारे प्लगइन. त्यातले बरेच पीएचपीचं 'स्ट्र-वर्ड-काउंट' वापरतात. ते फंक्शन देवनागरीतला एकही शब्द मोजत नाही, म्हणून चार हजार शब्दांच्या लेखावरही 'एका मिनिटाहून कमी'. 'प्रेग-स्प्लिट'ने मोकळ्या जागांवर तोडा, पुढे 'यू' खूण लावायला विसरू नका. यासाठी वेगळा प्लगइन कशाला, मूळ प्लगइनलाच दुरुस्ती पाठवा.

सारांशाचंही तसंच. 'सबस्ट्र' बाइट कापतो, मग शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. 'एमबी-सबस्ट्र' कोडपॉइंट कापतो, 'कि'चा 'क' राहतो. रेजेक्समधला (मजकुरात नमुने शोधायची पद्धत) '\एक्स' मात्रा सांभाळतो, पण जुन्या लायब्ररीत 'क्ष' क् आणि ष मध्ये तुटतो. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला, सगळ्या सर्व्हरांपर्यंत पोचायला वेळ लागेल. अक्षरांवर कापूच नका, शब्दांवर कापा. वर्डप्रेसचा स्वतःचा ५५ शब्दांचा सारांश तेच करतो आणि मराठीत ठीक चालतो.

हुकमाचा_एक्का

कोणी शेअर-कार्डाचं (दुवा शेअर केल्यावर दिसणारं चित्र) काढलं नाही अजून. लेखाला चित्र नसेल तर शीर्षक आणि ब्लॉगचं नाव असलेलं १२०० × ६३० चं चित्र आपोआप बनवणारा प्लगइन. इंग्रजीत असे आहेत. मराठीत ते सर्व्हरवर पीएचपीच्या जीडी लायब्ररीने अक्षरं काढतात, आणि सर्वसाधारण होस्टिंगवरच्या जीडीला देवनागरीची जुळणी येत नाही. 'किल्ला' लिहिलं की वेलांटी 'क'च्या पुढे, 'ल्ल' सुटा, रफार असेल तर तोही हलन्तासकट उघडा पडलेला.

माझा आराखडा: चित्र सर्व्हरवर बनवायचंच नाही. लेखक संपादकात बसलेला असतो, त्याच्या ब्राउझरला अक्षरजुळणी उत्तम येते. तिथेच कॅनव्हासवर काढायचं, जेपेग करायचं, रेस्टने (वर्डप्रेसशी बोलायचा वेब-मार्ग) मीडिया लायब्ररीत चढवायचं.

पायऱ्या:
फॉन्ट प्लगइनसोबत द्या, मुक्त परवान्याचा (मुक्ता किंवा बलू, दोन्ही ओएफएल). रंगवण्याआधी फॉन्ट लोड झाल्याची वाट बघा. नाही बघितली तर पहिलं कार्ड यंत्रातल्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये निघतं आणि दुसऱ्यांदा बरोबर येतं, त्यामुळे ही चूक तपासताना सापडतच नाही.
ओळी शब्दाशब्दाने मोजून तोडा. ७२ पिक्सेलपासून सुरुवात, तीन ओळींत मावलं नाही तर ४-४ ने उतरत ४८ पर्यंत.
ओळीची उंची फॉन्टच्या १.५ पट. रोमनसाठीची १.२ ठेवली तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात.
चारही बाजूंना ८० पिक्सेल मोकळे. काही ठिकाणी चित्र चौकोनी कापलं जातं, म्हणून ब्लॉगचं नाव कोपऱ्यात नको, मधोमध खाली.
फाइल ३०० केबीच्या आत ठेवलेली बरी.

टाकमोडी

झकास. पीडीएफचं दुखणंही हेच आहे. 'हा लेख पीडीएफमध्ये उतरवा' असलं बटण देणारे प्लगइन डॉमपीडीएफ किंवा टीसीपीडीएफवर चालतात, दोन्हींना देवनागरीची जुळणी जमत नाही. एमपीडीएफ आवृत्ती ६ पासून ती करतो, पण फॉन्टच्या नोंदीत 'यूज-ओटीएल' चालू करावं लागतं (किंमत २५५, म्हणजे सगळे बिट). ते न करता लोक फॉन्टला दोष देत बसतात. त्याहून सोपं: छपाईसाठी वेगळं सीएसएस, आणि बटण दाबल्यावर ब्राउझरचीच छापण्याची खिडकी. वाचक तिथून पीडीएफ करून घेतो, सर्व्हरला काहीच भार नाही.

गावठाण

तारखा आणि आकडे देवनागरीत करणारा प्लगइन? सोपा वाटतो.

खिळेजुळारी

वाटतो. 'डब्ल्यूपी-डेट' फिल्टरवर आकडे बदलले की दोन ठिकाणी घाण होते. थीम टाइम टॅगच्या आत यंत्रांसाठी आयएसओ तारीख छापते, तीही देवनागरी होते आणि शोधयंत्रांना कळत नाही. शिवाय काही थीम तारखेच्या संग्रहाचा दुवा त्याच फंक्शनमधून वर्ष-महिना घेऊन बनवतात, तिथे दुव्यातच '२०२४' देवनागरीत जातं आणि ४०४ येतो.

फिल्टरला तारखेचा नमुनाही मिळतो. सेटिंगमधला नमुना आणि आलेला नमुना तंतोतंत एक असेल तरच बदला, बाकी सगळं जसंच्या तसं सोडा. आणि आकड्यांना हात लावताच आहात तर स्वल्पविरामही बघा: १,२३४,५६७ नको, १२,३४,५६७ हवं.

काळी_शाई

दिवाळी अंकासाठी एक सुचवतो. बरेच गट आता अंक ब्लॉगवरच काढतात आणि 'वर्ग' वापरून भागवतात. वर्गात लेख तारखेने लागतात, संपादकाला मात्र अनुक्रमणिका हवी असते: संपादकीय, मग कथा, मग कविता, शेवटी व्यंगचित्रं.

'अंक' नावाची वेगळी टॅक्सॉनॉमी (वर्गवारी) करा. क्रमासाठी नवीन मेटा नको, वर्डप्रेसचा 'मेनू-ऑर्डर' रकाना पडूनच असतो. लेखांना 'पेज-ॲट्रिब्यूट्स'चा आधार जोडला की तो वापरता येतो. आकडे १०, २०, ३० असे द्या, मध्ये कविता घुसवायची वेळ येतेच. 'मागचा-पुढचा लेख' मूळचा तारखेवर चालतो, त्याच्या 'व्हेअर' आणि 'सॉर्ट' फिल्टरांवर क्रम बसवावा लागेल.

खरी गंमत प्रकाशनाची. चाळीस लेख एकाच मुहूर्तावर लावून ठेवले तर वर्डप्रेसचं क्रॉन कोणी पान उघडल्याशिवाय हलत नाही, आणि हललं की सगळे एकदम. होस्टिंगच्या पॅनेलमधून खरा क्रॉन लावा. प्लगइनने दहा-दहाचे गट करून प्रकाशित करावं. ईमेल पाठवणारे प्लगइन लेखाची स्थिती बदलण्यावर बसलेले असतात, ते तेवढ्यापुरते थांबवा. नाहीतर ऐन लक्ष्मीपूजनाला वर्गणीदारांच्या टपालात चाळीस पत्रं.

मीटर_डाउन

कवितांसाठी 'व्हर्स' ब्लॉक आहे, पण तो 'प्री' टॅग वापरतो आणि बऱ्याच थीम त्याला टंकयंत्री फॉन्ट देतात, देवनागरी तिथे कसातरीच दिसतो. ब्लॉकची एक 'स्टाइल' नोंदवली तरी भागेल: फॉन्ट लेखाचाच, आणि '॥ १ ॥' च्या आतल्या जागा न तुटणाऱ्या (यू+००ए०). नाहीतर ओवीचा दंड एकटाच पुढच्या ओळीवर जाऊन बसतो.

वाटसरू

डाव्या पट्टीत आजची तिथी दाखवणारा?

बोरूबहाद्दर

नको. तिथी सूर्योदयावर ठरते, सूर्योदय गावावर. पुण्याची तिथी न्यू जर्सीच्या वाचकाला दाखवली की चतुर्थी कधी यावर प्रतिसादांत भांडणं. त्यापेक्षा जुन्या फॉन्टचं रूपांतर कोणी घेतं का? कृतिदेव, शिवाजी वगैरेंत (रोमन कळींवर मराठी आकार बसवलेले युनिकोडपूर्व फॉन्ट) टंकलेलं जुनं साहित्य पेट्या भरून आहे.

टाकमोडी

घेतो. कृतिदेवचा क्रम ठरलेला आहे: आधी दोन-तीन चिन्हांच्या जोड्या बदलायच्या, मग सुटी चिन्हं, मग ऱ्हस्व वेलांटी (तिथे 'एफ' कळ, अक्षराच्या आधी टंकलेली) पुढच्या पूर्ण जोडाक्षरानंतर न्यायची, शेवटी रफार (मोठा 'झेड', अक्षरानंतर) मागे आणायचा. वेलांटीआधी रफार हलवलात तर 'वर्षि' छापाचे शब्द विस्कटतात.

चिकटवलेल्या मजकुरावर मात्र हे करू नये. मधला खरा इंग्रजी शब्द आणि कृतिदेवमधला मराठी शब्द दोन्ही रोमनच असतात, आणि संपादकात चिकटवताना फॉन्टचं नाव गळून जातं. डॉक्स फाइलच चढवून घ्या. तिच्या एक्सएमएलमधून मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट कळतो. कृतिदेवचे तुकडे बदला, बाकीचे सोडा.

अर्धचंद्र

प्रतिसादाच्या चौकटीत रोमन टंकून देवनागरी उमटवणारा कोणी करत असेल तर एक सूचना. गमभनच्या (रोमन टंकून देवनागरी उमटवणारी जुनी सोय) काळची 'की-डाउन' पद्धत अँड्रॉइडवर चालत नाही, तिथला कळफलक प्रत्येक कळीला २२९ हाच आकडा देतो. मोबाइलवर तो प्लगइन बंदच ठेवा, तिथे लोकांकडे मराठी कळफलक असतोच. संगणकावर 'बिफोर-इनपुट' वापरा आणि कंट्रोल-स्पेसने चालू-बंद ठेवा.

हुकमाचा_एक्का

टॅगची यादी अकारविल्हे लावणारा माझ्याकडे. युनिकोडात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, आपल्याकडे तो ह नंतर, आणि क्ष-ज्ञ सगळ्यात शेवटी. प्रत्येक शब्दाची क्रमकिल्ली करून टर्म-मेटात (टॅगच्या जादा नोंदी) ठेवतो, दर वेळी मोजत बसायला नको.

बोरूबहाद्दर

छान. तर स्लग खिळेजुळारी, शोध काळी_शाई आणि अर्धचंद्र, कार्ड आणि टॅग हुकमाचा_एक्का, कृतिदेव टाकमोडी. सगळं वेगवेगळ्या प्लगइनांत, एकच 'मराठी महाप्लगइन' नको. एका तुकड्यात बिघाड झाला तर सगळंच बंद करावं लागतं. परवाना जीपीएल २ किंवा पुढचा.

काढून टाकताना काय पुसायचं तेही ठरवून घेऊ.

खिळेजुळारी

शोधाचं टेबल उडवा, ते कधीही पुन्हा बनतं. क्रमकिल्ल्याही. स्लगांना हात नको, प्लगइन गेला तरी दुवे चालू राहिले पाहिजेत.

वाटसरू

आणि कार्डाची चित्रं?

हुकमाचा_एक्का

ती राहू देतो, फेसबुकवर जुन्या लेखांखाली तीच लागलेली असतात. प्रत्येकावर 'प्लगइनने बनवलेलं' अशी एक मेटा-खूण ठेवतो. कोणाला जागा मोकळी करायचीच असेल तर तेवढीच गाळून पुसता येतील.